साठीनंतरचा गोळ्यांचा डबा: चिठ्ठीवरची औषधं आणि बिनचिठ्ठीच्या पूरक गोळ्या

छावणीकर

कॅल्शियमच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून बघा. इंदूरच्या दवा बाजारात दोन्ही एकाच काउंटरवर मिळतात. दोन्हींवर कॅल्शियम ५०० मिग्रॅ आणि डी३ छापलेलं, गोळीचा रंगसुद्धा जवळपास सारखा. उलटल्यावर एकीवर औषध-उत्पादनाचा परवाना क्रमांक दिसतो. दुसरीवर एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक आणि बारीक अक्षरात ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ. पहिली १९४० च्या औषध कायद्याखाली येते, दुसरी २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली, म्हणजे कायद्याने ती अन्न आहे. तिसरा प्रकार आयुर्वेदिक परवान्याचा, त्याची नियमावली आणखी वेगळी. घरी आल्यावर तिन्ही एकाच डब्यात पडतात आणि पोटात एकत्र जातात. कायद्यातला फरक मूत्रपिंडाला कळत नाही.

‘औषध चांगलं की सप्लिमेंट’ या वादातून काही हाती लागत नाही, म्हणून हा धागा वेगळ्या तऱ्हेने काढतोय. डब्यातल्या प्रत्येक गोळीला तीन प्रश्न विचारायचे. ही कुठल्या मोजलेल्या दोषासाठी आहे? हीच मात्रा का? आणि पुन्हा कधी मोजायचं? तिन्हींची उत्तरं असतील तर गोळी औषध असो की पूरक, ती डब्यात राहू दे. एकही उत्तर नसेल तर ती का चालू आहे ते डॉक्टरांना विचारा.

या कसोटीवर सगळ्यात भक्कम उतरतात त्या रक्तदाबाच्या साध्या, जुन्या, स्वस्त गोळ्या. २०१५ च्या स्प्रिंट चाचणीत पन्नाशीपुढचे ९,३६१ लोक होते. वरचा दाब १२० च्या खाली आणण्याचं ध्येय ठेवलेल्या गटात हृदयाचे झटके, हार्ट फेल्युअर आणि मृत्यू इतके कमी झाले की चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. पण त्याच गटात चक्कर, दाब फार उतरणं आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी जास्त होत्या. म्हणून सत्तरीपुढे दाब बसून आणि उभं राहून असा दोन्ही प्रकारे मोजायचा: पाच मिनिटं बसून एकदा, मग उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० ने उतरला तर गोळ्यांचा फेरविचार हवा. हाड मोडण्याची सुरुवात पुष्कळदा रात्री बाथरूमला उठताना होते. ‘दीर्घायुष्याची’ म्हणून विकली जाणारी एकही बाटली अजून या जुन्या गोळ्यांच्या जवळपास पोचलेली नाही.

जाणकारांनी आपापल्या क्षेत्रातलं लिहावं. मात्रा आकड्यात द्या, आणि कुठे बिघडतं तेही.

---

निंबोणी

ड जीवनसत्त्वापासून सुरू करते. आपल्याकडे सगळ्यात जास्त गोंधळ याच्यावर होतो.

६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे, अशी दिली जाते. सत्तरीपुढच्या माणसाची रोजची गरज ८०० युनिट धरली तर एका पुडीत ७५ दिवसांचा साठा झाला. चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ असतं, पण ते इंग्रजीत आणि घाईच्या अक्षरात. मग पुडी बाकीच्या गोळ्यांबरोबर रोज घेतली जाते. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, त्यामुळे थांबवल्यावरही परिणाम कित्येक आठवडे चालू राहतो. रक्तातलं कॅल्शियम वाढतं. तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ, अन्नावरची वासना जाणं, सुस्ती, गोंधळलेलं बोलणं अशी लक्षणं येतात आणि घरातले म्हणतात, वय झालं. अशा वेळी रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) त्याच दिवशी तपासा. ड जीवनसत्त्वाची रक्तातली (२५-हायड्रॉक्सी) पातळी १५० नॅनोग्रॅमच्या वर असेल तर ती विषबाधाच समजायची.

मोठी मात्रा एकदम देऊन हाडं बळकट होतात हा समजही टिकलेला नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ बायकांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट दिले. २०१० साली निकाल आला तेव्हा त्यांच्यात पडण्याचं प्रमाण १५ टक्क्यांनी आणि हाड मोडण्याचं २६ टक्क्यांनी वाढलेलं होतं. झुरिकच्या २०१६ च्या चाचणीत महिन्याला ६०,००० घेणारे महिन्याला २४,००० घेणाऱ्यांपेक्षा जास्त पडले. कमतरता भरून निघाल्यावर रोजची छोटी मात्रा बरी, असं माझं मत याच आकड्यांमुळे झालंय.

दुसऱ्या बाजूला, ज्यांना कमतरता नाही त्यांना फायदाही दिसत नाही. अमेरिकेतल्या व्हायटल चाचणीत २५,८७१ लोक होते, रोज २,००० युनिट. हृदयविकार किंवा कर्करोग कमी झाला नाही, आणि २०२२ च्या विश्लेषणात फ्रॅक्चरही कमी दिसले नाहीत.

---

रामबागकर

@निंबोणी, इथे वर्षातले आठ महिने लख्ख ऊन. छतावर पापड वाळतात, माणसं मात्र सावलीत. उन्हाने भागत नाही का?

---

निंबोणी

भागू शकतं, पण सत्तरीच्या त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करण्याची ताकद तरुणपणाच्या निम्म्याहूनही कमी उरते. काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही, कारण लागणारे किरण काच अडवते. सकाळी सातचं कोवळं ऊनही फार काही देत नाही. सूर्य वर आलेला असताना, सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हा, हातपाय उघडे ठेवून १५-२० मिनिटं बसायला हवं. एप्रिल-मेमध्ये इंदुरात वृद्धांना हे सांगणं धोक्याचं आहे. थंडीत जरूर करा.

---

हाडवैरी नव्हे हाडसोबती

कॅल्शियमबद्दल, कारण निंबोणीताईंनी अर्धं काम केलंच आहे.

पट्टीवर ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ’ असेल तर खरं कॅल्शियम ५०० मिग्रॅ, चाळीस टक्के. सायट्रेटमध्ये साधारण २१ टक्के. शरीर एका वेळी ५०० च्या आसपासच नीट शोषतं, म्हणून दोन गोळ्या एकदम घेण्यात अर्थ नाही. कार्बोनेटला आम्ल लागतं, ते जेवणाबरोबर घ्या. जे वर्षानुवर्षं सकाळी ॲसिडिटीची पँटोप्राझोल घेतात त्यांना कार्बोनेट नीट लागू पडत नाही, त्यांना सायट्रेट बरं. आणि आधी ताटातलं मोजा: दूध, दही, ताक, नाचणी, तीळ. पन्नाशीपुढच्या बाईला दिवसाला १००० ते १२०० लागतं. ताटातून ७०० जात असेल तर एकच गोळी पुरे.

पण मुळात कॅल्शियम हा हाडं ठिसूळ झाल्यावरचा उपचार नाही. डेक्सा म्हणजे हाडांच्या घनतेच्या तपासणीत टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली आला की चिठ्ठीवरचं औषध लागतं. अ‍ॅलेंड्रोनेट ७० मिग्रॅ आठवड्यातून एकदा, किंवा झोलेड्रोनिक ॲसिड ५ मिग्रॅ वर्षातून एकदा शिरेतून. अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी वाया जाते ती घेण्याच्या चुकीमुळे. पहाटे उपाशीपोटी, पूर्ण पेलाभर साध्या पाण्याबरोबर, चहाबरोबर नाही, दुधाबरोबर नाही. नंतर अर्धा तास काही खायचं नाही आणि आडवं व्हायचं नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करते. पाठीच्या बाकामुळे जी व्यक्ती अर्धा तास ताठ बसू शकत नाही तिला ही गोळी देऊच नये, तिला वर्षाचं इंजेक्शन. इंजेक्शनआधी ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि मूत्रपिंडाची तपासणी झालेली हवी, आणि दात काढायचा असेल तर तो आधी उरका. पाच वर्षांनी गोळी थांबवायची का, हा प्रश्न डॉक्टरांना आपणहून विचारा.

डेनोसुमॅब या हाडांच्याच औषधाचं दर सहा महिन्यांचं इंजेक्शन मात्र मनाने कधीच थांबवू नका. ते चुकलं की काही महिन्यांत मणक्याची हाडं एकामागून एक दबू शकतात. गावाला गेलो म्हणून दोन महिने लांबवलं, असं इथे चालत नाही.

---

छावणीकर

यात एक जोडतो, आणि हे ठळक अक्षरात वाचा. हल्ली कॅल्शियम आणि डी३ च्या गोळीत ‘के२-७’ घातलेलं असतं. रक्त पातळ करण्यासाठी ॲसेनोकुमारॉल किंवा वॉरफॅरिन चालू असेल तर ती औषधं नेमकी के जीवनसत्त्वाला अडवूनच काम करतात. मग ‘हाडांची साधी गोळी’ सुरू होते, आयएनआर (रक्त किती पातळ आहे तो आकडा) २.५ वरून १.५ वर येतो आणि हृदयाच्या कृत्रिम झडपेवर गुठळी धरण्याचा धोका तयार होतो. पट्टीच्या पुढच्या बाजूला बहुधा ‘के२’ एवढंच असतं, मात्रा मागच्या बाजूला. नवी औषधं, म्हणजे अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, डाबिगॅट्रान, यांना के जीवनसत्त्वाचा फरक पडत नाही. पण रक्त पातळ होतंच आहे, म्हणून जिंकोच्या कॅप्सूल आणि दुखण्याच्या गोळ्या त्यांच्यासोबतही नकोत.

---

तपासनीस

प्रयोगशाळेच्या बाजूने.

बायोटिन: केसांच्या गोळ्यांत ५ किंवा १० मिग्रॅ असतं, रोजची गरज मायक्रोग्रॅममध्ये आहे. बऱ्याच यंत्रांवरच्या तपासण्या बायोटिनच्याच रसायनावर चालतात. परिणाम असा की थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच खोटं कमी आणि टी४ खोटं जास्त दाखवलं जातं. रिपोर्ट थेट थायरॉइड वाढल्यासारखा दिसतो आणि चांगली चाललेली गोळी कमी केली जाते. हृदयाच्या झटक्यासाठीचं ट्रोपोनिनसुद्धा खोटं कमी येऊ शकतं. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा. मोठ्या मात्रेत असेल तर जास्त दिवस, आणि फॉर्मवर लिहा.

क्रिएटिन: स्नायूंसाठी रोज ३ ते ५ ग्रॅम घेणाऱ्याचं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं येतं, कारण क्रिएटिनचंच क्रिएटिनिन होतं. मूत्रपिंड ठीक असूनही ईजीएफआर, म्हणजे क्रिएटिनिनवरून काढलेली मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता, पडलेला दिसतो. शंका आली तर सिस्टॅटिन-सी ही रक्ततपासणी मागवा, त्यावर क्रिएटिनचा परिणाम होत नाही.

बी१२: आदल्या दिवशीपर्यंत गोळ्या घेऊन पातळी तपासली तर आकडा मोठा येणारच. त्यातून आधी कमतरता होती की नाही हे कळत नाही. गोळी सुरू करण्याआधी एकदा तपासा. २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता. २०० ते ३०० मध्ये पाय बधीर असतील किंवा स्मरणशक्तीची तक्रार असेल तर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड बघावं.

‘फुल बॉडी’ पॅकेजमधल्या साठ-सत्तर तपासण्यांपेक्षा वर्षातून दोनदा क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि सोडियम या तीन आकड्यांनी सत्तरीपुढे जास्त संकटं टळतात.

---

रामबागकर

@तपासनीस, बी१२ साठी इंजेक्शनच लागतं ना? गोळी शाकाहारी माणसाला लागू पडत नाही असं मेडिकलवाले सांगतात.

---

छावणीकर

गोळी लागू पडते. तोंडाने घेतलेल्या मोठ्या मात्रेतला सुमारे एक टक्का कुठल्याही मदतनीस घटकाशिवाय आपोआप शोषला जातो. १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतून १० मायक्रोग्रॅम गेले तरी रोजची गरज भागते. नसांची लक्षणं आधीच असतील तर सुरुवात इंजेक्शनने करतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीच्या गोळ्या ही बी१२ उतरण्याची दोन मोठी कारणं. दोन्ही चालू असतील आणि माणूस शाकाहारी असेल तर दरवर्षी तपासा.

पण बी१२ च्या नावाखाली खरा घात दुसरीकडे होतो. ‘प्रेगाबालिन ७५ आणि मिथाइलकोबालामिन’ या जोडगोळीच्या पट्टीवर मिथाइलकोबालामिन ओळखीचं असतं, म्हणून घरात तिचं नाव पडतं ‘नसांचं व्हिटॅमिन’. काही पट्ट्यांत तिसरं नॉरट्रिप्टिलिनही असतं. प्रेगाबालिनने गुंगी येते, तोल जातो, पायावर सूज येते. नॉरट्रिप्टिलिनने बद्धकोष्ठ होतं, आणि प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडू शकते. मूत्रपिंड मंद असेल तर प्रेगाबालिन शरीरात साचतं आणि तीच ७५ ची मात्रा दुप्पट पडते. ही गोळी चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाही, पट्टीच्या कडेला लाल रेघ असते. तरी ‘व्हिटॅमिन संपलं’ म्हणून रिकामी पट्टी दाखवून ती आणली जाते. आणि एक दिवस ‘व्हिटॅमिनच आहे’ म्हणून एकदम बंदही केली जाते, मग झोप उडते, घाम येतो, जीव घाबरा होतो. ती डॉक्टरांकडून किमान आठवडाभरात पायरीपायरीने उतरवून घ्यावी लागते.

---

अनुपान

आयुर्वेदाच्या बाजूने लिहितो, आणि आमच्याच लोकांना बोचेल असंही लिहितो.

अश्वगंधा आपल्या शेजारचंच पीक, नीमच-मंदसौर भागात होतं आणि नीमच मंडीत मुळ्यांचे ढीग लागतात. मुळाचं चूर्ण ३ ते ६ ग्रॅम दुधाबरोबर, ही परंपरेतली मात्रा. बाटलीतली कॅप्सूल म्हणजे ते चूर्ण नव्हे. तो अर्क असतो, कशाचा आणि किती पट हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. ज्या आधुनिक चाचण्यांत झोप आणि ताण यांत फरक दिसला त्यांत साधारण ३०० मिग्रॅ अर्क दोनदा, आठ ते बारा आठवडे दिला होता. त्यावरून दहा वर्षं रोज घ्यायला कुणी सांगितलेलं नाही. अर्काने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, थायरॉक्सिन वाढतं, झोपेच्या गोळीबरोबर गुंगी दुणावते. थायरॉइडची गोळी चालू असेल तर अश्वगंधा सुरू केल्यावर सहा आठवड्यांनी टीएसएच बघा. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज असं काही दिसलं तर त्याच दिवशी बंद. गुळवेलीचंही तसंच. स्वयंप्रतिकारक विकार असलेल्यांनी गुळवेल परस्पर घेऊ नये.

हळद भाजीत असते तेव्हा ती मसाला. ‘९५ टक्के कर्क्युमिन, पिपेरीनसह’ ही वेगळी चीज आहे. पिपेरीन मिऱ्यातून येतं आणि शरीर औषधं मोडून बाहेर टाकतं ती वाट अडवतं. म्हणूनच कर्क्युमिन जास्त शोषलं जातं आणि त्याच वाटेने फिटची फेनिटॉइनसुद्धा रक्तात वाढते.

रसकल्प आणि भस्मं याबद्दल: ज्या कल्पांत अनुसूची ई-१ मधली, म्हणजे सरकारी यादीतली विषारी द्रव्यं आहेत त्यांच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना हिंदी आणि इंग्रजीत छापणं बंधनकारक आहे. ती सूचना वाचा आणि पाळा. बिनछापी पुडी, ज्यात काय आहे ते देणारा सांगत नाही, ती शास्त्राच्या नावाने कुणीही दिली तरी घेऊ नका. बोस्टनमध्ये विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचा अहवाल २००४ चा आहे. रसायनचिकित्सेवर माझी श्रद्धा आहे, म्हणूनच मला ही गोष्ट झाकायची नाही.

---

सव्यसाची_इं

मग आता ‘अँटी-एजिंग’ म्हणून चर्चेत असलेल्या चिठ्ठीवरच्या औषधांचं काय? मेटफॉर्मिन आणि रॅपामायसिन. मधुमेह नसलेले लोकही विचारतायत.

---

निंबोणी

मेटफॉर्मिन मधुमेहात उत्तम, यात वाद नाही. म्हातारपण लांबवण्यासाठी म्हणून जी ‘टेम’ चाचणी आखली आहे तिचा आराखडा ६५ ते ७९ वयाच्या, मधुमेह नसलेल्या ३,००० जणांचा आहे. त्याचं उत्तर हातात आल्याशिवाय निरोगी माणसाने ते सुरू करण्यासारखं काही नाही. उलट एक निकाल हातात आहे: ६५ पुढच्या निरोगी लोकांना १४ आठवडे वजनं उचलण्याचा व्यायाम दिला, निम्म्यांना सोबत मेटफॉर्मिन. मेटफॉर्मिनच्या गटात स्नायू कमी वाढले. तरुण राहायला जी गोष्ट नक्की उपयोगी, तिलाच गोळीने कात्री लावली.

रॅपामायसिन ईस्टर बेटाच्या मातीतल्या जंतूतून आलं. १९९९ पासून ते मूत्रपिंड-रोपणानंतर शरीराने नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून देतात. २००९ मध्ये ६०० दिवसांच्या, म्हणजे उतारवयातल्या, उंदरांना ते दिलं तेव्हा कमाल आयुष्य माद्यांत १४ आणि नरांत ९ टक्क्यांनी वाढलं. निकाल खराच मोठा आहे, पण तो जंतूविरहित काळजीत ठेवलेल्या उंदरांचा. माणसात तोंडात व्रण, रक्तातली चरबी वाढणं, जखम उशिरा भरणं, संसर्ग हे सगळं येतं. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं एक अँटिबायोटिक सोबत पडलं तरी रक्तातली पातळी अनेक पटींनी उसळते. पावसाळ्यात डेंग्यू-टायफॉइड असलेल्या गावात निरोगी माणसाने प्रतिकारशक्ती दाबायची गोळी ऑनलाइन मागवू नये.

अ‍ॅस्पिरिनचं प्रकरण यासाठीच लक्षात ठेवा. पिढ्यान्‌पिढ्या ‘रोज एक बेबी अ‍ॅस्पिरिन’ हा शहाणपणा होता. २०१८ च्या ॲस्प्री चाचणीत १९,११४ निरोगी वृद्धांना १०० मिग्रॅ किंवा नकली (औषध नसलेली) गोळी दिली. अपंगत्वाशिवायचं आयुष्य वाढलं नाही, मोठा रक्तस्राव मात्र वाढला. स्टेंट बसवलेल्यांनी किंवा झटका येऊन गेलेल्यांनी हे वाचून अ‍ॅस्पिरिन थांबवायची नाही. त्यांच्यासाठी ते औषधच आहे.

---

सव्यसाची_इं

आणि कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिनऐवजी ‘नैसर्गिक’ रेड यीस्ट राइस? त्याने अंग दुखत नाही म्हणतात.

---

छावणीकर

त्यात मोनॅकोलिन-के असतं आणि ते रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिनच आहे. म्हणजे स्टॅटिनच घेताय, फक्त दर बाटलीत किती आहे याची हमी नाही. अंगदुखीबद्दल २०२० ची सॅमसन चाचणी वाचण्यासारखी आहे. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने नकली गोळी, काही महिने काहीच नाही, असं दिलं. स्टॅटिनवर जो त्रास झाला त्याचा ९० टक्के नकली गोळीवरही झाला. त्रास खोटा नसतो, कारण दुसरं असू शकतं. ड जीवनसत्त्व, थायरॉइड आणि सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी तपासणी) तपासून घ्या, मग डॉक्टर मात्रा उतरवतील किंवा औषध बदलतील.

माशाच्या तेलाचंही पटकन सांगतो. कॅप्सूलच्या पुढे ‘१००० मिग्रॅ’, मागे ईपीए १८० आणि डीएचए १२०. कामाचं ३०० मिग्रॅच. ज्या चाचणीत फायदा दिसला ती रोज ४ ग्रॅम शुद्ध ईपीएच्या चिठ्ठीवरच्या औषधाची, ट्रायग्लिसराइड वाढलेल्या आणि हृदयविकाराचा धोका मोठा असलेल्या लोकांत. तिथेही हृदयाची लय बिघडण्याचं प्रमाण वाढलं. ३०० मिग्रॅच्या कॅप्सूलने तो फायदा मिळत नाही.

---

चालतीपाऊलं

फिजिओथेरपीच्या बाजूने. ग्लुकोसामाइन गुडघ्यासाठी फार विचारलं जातं. २००६ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत एकूण रुग्णांत ते नकली गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. ते बहुतेक वेळा कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून बनतं, शाकाहाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. तीन महिन्यांत फरक नाही तर बंद करा.

पैसे प्रथिनांवर घाला. वृद्धांना किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या बाईला ६० ते ७२. आपल्या घरातला दिवस मोजा: सकाळी पोहे ४-५ ग्रॅम, दोन पोळ्या ६-७, वाटीभर वरण ७, रात्री खिचडी ८, दोन कप चहातलं दूध ३. तीसच्या आसपास गाडी थांबते. सोयाबीनच्या माळव्यात राहून हे व्हावं याचं वाईट वाटतं. ३० ग्रॅम सोयावडी भिजवून भाजीत टाकली की १५ ग्रॅम आले, ५० ग्रॅम पनीर ९-१०, २०० मिली दूध किंवा दही ६-७. चावता येत नसेल तर सोयावडी भिजवून, पिळून, मिक्सरमधून काढून थालिपिठाच्या भाजणीत मिसळा. प्रोटीन पावडर यानंतरचा विचार. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आकडा डॉक्टरांकडून घ्या.

प्रथिनाबरोबर खुर्चीतून हात न लावता उठणं: दहा वेळा, दोन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. ताकद न लावता नुसती पावडर प्यायली तर स्नायू होत नाहीत.

---

रामबागकर

एक विचारायचं राहिलं. बीपी आहे म्हणून ‘लो सोडियम’ मीठ आणणं चांगलं ना? ते तर किराण्यातच मिळतं.

---

तपासनीस

ज्यांचं मूत्रपिंड ठणठणीत आहे आणि पोटॅशियम अडवणारी औषधं नाहीत त्यांना चांगलं. पण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन यांसारखं पोटॅशियम अडवणारं औषध चालू असेल, त्यात मूत्रपिंड मंद असेल, तर पोटॅशियम ६ च्या वर जाऊन हृदय थांबण्याइतका धोका होतो. हे मीठ सुरू करण्याआधी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन बघा, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा.

अशीच दुसरी तिकडी: टेल्मिसार्टन, लघवीची (शरीरातलं पाणी काढणारी) गोळी आणि वर दुखण्यासाठी परस्पर घेतलेली डायक्लोफेनॅक किंवा ॲसेक्लोफेनॅक. तिन्ही मिळून मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सगळ्या बाजूंनी कमी करतात. मे महिन्यात जुलाब-उलटी झाली असताना हे घडलं तर दोन दिवसांत क्रिएटिनिन दुप्पट होतं. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, दिवसाला तीन ग्रॅमच्या आत. आणि जुलाब-उलटीच्या दिवसात कुठल्या गोळ्या थांबवायच्या हे डॉक्टरांकडून आधीच चिठ्ठीवर लिहून घ्या. मेटफॉर्मिन, लघवीची गोळी, टेल्मिसार्टन आणि मधुमेहाचीच डॅपाग्लिफ्लोझिन ही नावं त्यात विचारा.

---

अनुपान

इसबगोलही याच रांगेत. ते गोळ्यांना गुंडाळून घेतं, म्हणून बाकी औषधांपासून दोन तास लांब आणि भरपूर पाण्याबरोबर. कमी पाण्यात घशातच फुगतं.

---

सव्यसाची_इं

एवढ्या अटी पाळून वेळापत्रक बसतं का? थायरॉइड, बीपी, मेटफॉर्मिन, कॅल्शियम, बी१२, स्टॅटिन, इसबगोल, आणि आठवड्याची हाडांची गोळी. एका माणसाला एवढं असतंच.

---

छावणीकर

बसतं.

सकाळी ६ ला थायरॉइडची गोळी नुसत्या पाण्याबरोबर. चहा-पोहे ७ च्या आधी नाहीत. सोयादूध पिणाऱ्यांनी तेही लांब ठेवायचं. नाश्त्यानंतर बीपीची गोळी, मेटफॉर्मिन आणि बी१२. दुपारच्या जेवणात कॅल्शियम, म्हणजे थायरॉइडपासून चार तासांचं अंतर आपोआप पडतं. लोहाची गोळी असेल तर ती संध्याकाळी ५ ला, चहापासून दोन तास लांब आणि कॅल्शियमबरोबर नाही. रात्रीच्या जेवणानंतर दुसरी मेटफॉर्मिन आणि स्टॅटिन. झोपताना इसबगोल, जेवणानंतर दोन तास गेले की. हाडांच्या गोळीचा वार ठरवा, समजा रविवार. सकाळी तिची आणि थायरॉइडची टक्कर होते, त्यावर डॉक्टरांशी बोलून थायरॉइडची गोळी कायमची रात्री, जेवणानंतर तीन तासांनी, अशी करता येते. मग इसबगोल संध्याकाळी, जेवणाच्या दोन तास आधी. वेळ बदलल्यावर सहा आठवड्यांनी टीएसएच.

डबा सात दिवसांचा, चार कप्प्यांचा घ्या आणि रविवारी एकदाच भरा. ड जीवनसत्त्वाची पुडी डब्यात ठेवू नका. ती कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवा आणि घेतली की तारखेवर फुली.

---

रामबागकर

शेवटचं. डॉक्टरांसमोर पाच मिनिटं मिळतात. त्यात एवढं सगळं कसं मांडायचं?

---

निंबोणी

घरातल्या सगळ्या गोळ्या, पुड्या, तेलं, चूर्णं, डोळ्यांचे थेंब, शेजाऱ्यांनी दिलेली बाटली, सगळं एका पिशवीत भरून न्या. आठवणीने यादी करू नका, आठवणीतून नेमकं ‘व्हिटॅमिन’च गळतं. सोबत एका कागदावर चार उभे रकाने: नाव आणि मिग्रॅ, कधी आणि कसं घेतो, कुणी आणि कधीपासून दिलं, कशासाठी. चौथा रकाना रिकामा राहिला की तिथे लाल टिंब. डॉक्टरांना फक्त लाल टिंबं दाखवा आणि विचारा, ही थांबवली तर काय होईल, आणि एकदम की हळूहळू? झोपेची गोळी, प्रेगाबालिन, स्टेरॉइड, बीटा-ब्लॉकर (बीपी-हृदयाच्या गोळ्यांचा एक प्रकार) आणि फिटची औषधं, ही पाच तरी एकदम थांबवायची नाहीत. कागदावर सर्वात वर शेवटचं क्रिएटिनिन तारखेसह, वजन आणि वय. मूत्रपिंडाचा हिशोब यांवरून होतो.

आणि त्याच भेटीत लसींचं विचारा. फ्लूची दरवर्षी, न्यूमोनियाची, आणि पन्नाशीपुढे नागिणीची, जिचे दोन डोस दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने असतात. नागिणीची लस महाग पडते म्हणून टाळली जाते, पण त्याच घरात दरमहा कर्क्युमिन, ग्लुकोसामाइन आणि माशाच्या तेलाच्या तीन बाटल्या येत असतील तर वर्षाचा खर्च एकदा कागदावर मांडून बघा.

---

रामबागकर

आजच पिशवी भरतो. चौथ्या रकान्यात लाल टिंबं किती आली ते उद्या इथेच विचारायला येईन, नावं आणि मिग्रॅ मागची बाजू वाचून लिहितो.

---

छावणीकर

नावांबरोबर परवाना क्रमांकाचा प्रकारही लिहा: औषध, अन्न की आयुर्वेद. आणि क्रिएटिनिन सहा महिन्यांपेक्षा जुनं असेल तर ते आधी करून घ्या, त्याशिवाय मात्रेबद्दल इथे कुणी बोलू नये.